सुट्या हातांचे स्टोअरकाका

स्टोअरकाकांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कुणाचा तरी हात असायचा. कधी दोन असायचे. एकदा बँकेत सही करायला त्यांनी खिशातून पेन काढलं, तर पेनाबरोबर एका दाढीवाल्याचं मुंडकं बाहेर आलं आणि काउंटरवरून घरंगळत पलीकडच्या बाईंच्या पुढ्यात जाऊन थांबलं. बाई किंचाळल्या. काकांनी मुंडकं शांतपणे उचललं, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "घाबरू नका, मॅडम. याचं धड आहे माझ्याकडे." मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी पासबुक भरून न घेताच आम्ही बाहेर पडलो.

हे हात आणि मुंडकी कसली ते आधी सांगायला हवं, नाहीतर काकांबद्दल भलताच समज व्हायचा. टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचा एक खेळ असतो. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, घोडेस्वार, राक्षस आणि चेटकिणी असतात. ते सुट्या भागांत मिळतात. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं, तलवार वेगळी. ते जोडायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग टेबलावर एकमेकांच्या अंगावर सोडायचे. बहुतेक जण लढाईसाठी खेळतात, मी रंगवण्यासाठी खेळायचे. भाच्याच्या नादाने सुरू केलं. भाचा दहावीच्या क्लासला लागला आणि सगळं विसरला, मी मात्र त्यात रुतून बसले. दिवसभर कॉलेजात पोरांना जमाखर्च शिकवून आल्यावर एखाद्या चेटकिणीच्या बुबुळात खसखशीएवढा पांढरा ठिपका द्यायचा, की ती एकदम आपल्याकडे बघायला लागते. ते सुख मला दुसऱ्या कशातच सापडलं नाही. वेळेवर लग्न केलं असतं तर ही पाळी आली नसती, असं आईचं मत होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आमची मोजकी मंडळी रविवारी इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायची. निनाद नावाचा सॉफ्टवेअरमधला मुलगा त्या सोसायटीत राहायचा, त्याच्या वशिल्याने हॉल मिळाला होता. दुसऱ्याच रविवारी इस्त्रीचा, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट घातलेले पिकल्या मिशीचे एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. हातात चुन्याची जुनी डबी. आमचा डाव संपेपर्यंत ते तिथेच थांबले. मग पुढे येऊन त्यांनी डबी उघडली. आत दोन हात, एक ढाल, घोड्याची शेपटी आणि एक मुंडकं होतं.

"तुमचंच ना हे? मागच्या आठवड्यात झाडणाऱ्या बाईंनी सुपलीत भरलं होतं. मी म्हटलं, थांबा."

निनाद हसत म्हणाला, "काका, टाकून दिलं असतं तरी चाललं असतं. एक्स्ट्राच असतात ते."

काकांनी डबीचं झाकण लावलं. "एक्स्ट्रा म्हणजे काय, ते ज्याचं तुटलंय त्याला विचारावं," एवढंच म्हणाले आणि डबी परत खिशात टाकून निघून गेले. त्याच दुपारी माझ्या घोडेस्वाराच्या घोड्याची शेपटी मोडली. ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, जिना चढून मला त्यांच्या दारात जावंच लागलं.

काका मूळचे नामपूरचे, पण सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. निवृत्तीनंतर हाताला चाळा नव्हता. तो आमच्या कचऱ्याने पुरवला. महिन्या-दोन महिन्यांत आमच्या सगळ्यांचे सुटे भाग त्यांच्या घरी जमा झाले आणि निनादने त्यांचं नाव स्टोअरकाका ठेवलं. त्यांना ते आवडलं असावं. दारावरच्या पाटीखाली कुणीतरी खडूने 'स्टोअर' असं लिहिलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

त्यांच्या घरातली बैठकीची एक भिंत म्हणजे नुसते डबे. काकूंचा जुना मिसळणाचा डबा त्यांनी मागून घेतला होता. मोहरीच्या वाटीत मुंडकी, हळदीच्या वाटीत ढाली, जिऱ्याच्या वाटीत बोटं मिटलेले हात आणि मेथीच्या वाटीत बोटं उघडलेले. रंग न दिलेले भाग असे एकत्र नांदायचे. रंगवलेल्या भागांचा थाट निराळा. एकेक भाग काकूंच्या विरलेल्या सुती साडीच्या चिंधीत गुंडाळून, बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात. टिश्यू पेपर रंगाला चिकटतो म्हणून बंद, प्लॅस्टिकची पिशवी आत घामेजते म्हणून तीही बंद. चपलांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्यांच्यासाठी त्यांनी कॉलनीतल्या चपलांच्या दुकानदाराशी मैत्री केली होती. भाल्यांना आणि तलवारींना स्वतंत्र नळी. "जड खाली, नाजूक वर, टोकदार एकटं," असा त्यांचा मंत्र होता. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आणि बायको शेवटी."

वही त्यांनी कधी ठेवली नाही. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाकडे साधी यादीसुद्धा नाही याचं मला, अकाउंट्सच्या मास्तरणीला, फार नवल वाटायचं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नोंद वहीत असते, भाग डब्यात असतो. वही ठेवली की माणूस वहीच बघत बसतो, डबा उघडतच नाही." ते उघडायचे. रविवारी आंघोळ, पूजा झाली की खिडकी उघडून, पंखा बंद करून एकेक डबा मांडीवर घ्यायचे. चिमट्याने भाग उलटापालटा करायचे, कुठे रंग सुटतोय का, कुठे डिंक पिवळा पडतोय का बघायचे. त्या वेळात कुणी पंख्याचं बटण दाबलं तर त्याची धडगत नसायची. एकदा जावयाने दाबलं होतं. जावई अजून तो विषय काढत नाहीत.

काकांना आमचा खेळ शेवटपर्यंत कळला नाही आणि तो कळावा अशी त्यांची इच्छाही नव्हती. डाव संपल्यावर ते हॉलमध्ये यायचे. कोण जिंकलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. "काय तुटलं?" असं विचारायचे. तुटलेलं असेल तर चेहऱ्यावर काळजी दिसायची आणि तिच्याखाली थोडासा आनंदही. पण भाग मिळवणं सोपं नव्हतं. कारखान्याचा नियम त्यांनी आम्हालाही लावला होता: जुना दाखवा, नवा न्या. निनादला एकदा आपल्या सरदारासाठी दुसरा हात हवा होता. असलेला हात धडधाकट होता, पण निनादला तलवार जरा उंच धरलेली पाहिजे होती. काकांनी सरदार भिंगाखाली फिरवून फिरवून बघितला. "याला काय झालंय?" निनाद म्हणाला, "झालं काही नाही काका, पण लूक येत नाही." काकांनी सरदार त्याच्या हातात ठेवला. "लूकसाठी इश्यू होत नाही." निनाद तीन जिने खाली उतरेपर्यंत बडबडत होता.

त्यांचा आणखी एक नेम होता. स्वतःचे डबे ते दर आठवड्याला उघडायचे, पण दुसऱ्याने ठेवायला दिलेला डबा जीव गेला तरी उघडायचे नाहीत. आमच्यातल्या एकाने गावाला जाताना आपलं खोकं त्यांच्याकडे ठेवलं. खोक्यात सैन्याबरोबर चुकून तिळाच्या लाडवांची पुडी गेली होती. तो परत आला तेव्हा खोक्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. "काका, दिसत होतं ना तुम्हाला?" तो कळवळून म्हणाला. "दिसत होतं," काका म्हणाले. "मुंग्यांना मी खडूची रेघ मारली. पण खोकं तुमचं. दुसऱ्याची ठेव उघडून बघणाऱ्याला स्टोअरमध्ये उभं करत नाहीत." आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. लाडवांचे तुकडे कवचाच्या आत शिरलेला एक राक्षस तर महिनाभर आमच्या थट्टेचा विषय होता.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी शहरातल्या द्वारकेच्या चौकात एका रिक्षाने माझ्या स्कूटरला धक्का दिला. बाकी काही फार लागलं नाही, पण उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, "लिहिता येईल, पोळ्या लाटता येतील, स्कूटरही चालवाल." मी विचारलं, "आणि ब्रश?" ते म्हणाले, "घराला रंग स्वतः देता का?" मी बोटाचं पेर दाखवून त्यावरच्या डोळ्याचं माप सांगितलं. त्यांचा चेहरा जरा बदलला. इतक्या बारीक कामाचं मी काही सांगू शकत नाही, म्हणाले. आई शेजारी बसून पोळ्या लाटता येणार म्हणून देवाचे आभार मानत होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि घरी येऊन तोंडावर पांघरूण घेतलं.

त्यात आमच्या घरी माझ्या खोलीचं छत गळायला लागलं. मी एका हाताची. माझं सैन्य, म्हणजे अगदी सुरुवातीपासून रंगवलेला एकूणएक पुतळा, निनादने पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात स्पंज घालून भरला, वरून चिकटपट्ट्या मारल्या आणि काकांकडे पोचवला. संध्याकाळी काकांचा फोन आला. "काळजी करू नका, मॅडम. आमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवलंय." मला बरं वाटलं. हात परत चालो न चालो, चाललेल्या हाताने केलेलं तेवढं तरी सुखरूप होतं.

दसरा झाल्यावर मी खोकं आणायला गेले. प्लास्टर निघालं होतं, पण अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं की दोघं थरथरायची. निनाद बरोबर होता. काकांनी आतल्या खोलीतून काकूंची लोखंडी ट्रंक ओढत आणली. म्हणजे सगळ्यात चांगली जागा ही! काकूंच्या पैठण्या बाहेर कपाटात गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी माझं खोकं बसलं होतं. काकू अभिमानाने म्हणाल्या, "माझ्या लग्नातला शालू पण बाहेर काढला बरं का यांनी." काकांनी झाकण उघडलं आणि डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की निनाद दोन पावलं मागे सरला. खोक्याच्या चारी बाजूंनी आणि वरती मुठी-मुठी गोळ्या पसरलेल्या होत्या. आपल्याकडे जी वस्तू जिवापाड जपायची तिच्याजवळ डांबरगोळ्या टाकतात. काकांनी माझ्या खोक्याजवळ घरातल्या सगळ्या टाकल्या होत्या.

खोकं काकांनी मलाच उघडायला लावलं. ठेव माझी होती ना. चिकटपट्टी डाव्या हाताने सोलली आणि पहिला पुतळा उचलायला गेले तर तो स्पंजला चिकटून बसलेला. जोराने ओढला, तर चेहरा स्पंजवर राहिला. सगळ्यांचं तेच झालं होतं. प्लॅस्टिक मऊ पडून चिकट झालेलं, रंगावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या, भाले वाकून खाली आलेले, चेटकिणीची नजर गालावर ओघळलेली. निनादने मोबाइलवर बघून सांगितलं की या प्लॅस्टिकला डांबरगोळीची वाफ लागली की ते हळूहळू विरघळतं, आणि बंद ट्रंकेत ती वाफ पावसाळाभर कोंडलेली होती. काकांच्या भिंतीवरच्या डब्यांत एकही गोळी नव्हती. ते स्वतः दर रविवारी उघडून बघत, त्यांना गोळ्यांची गरज काय! माझं खोकं उघडायचं नव्हतं, म्हणून त्याला हा खास पहारा.

"काय व्हयनं?" काय झालं म्हणून काकू दारातून त्यांच्या गावच्या बोलीत विचारत होत्या.

"गोळ्या मी टाकल्या," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "माझ्या हाताने टाकल्या." त्यांनी निनादकडे बघितलं नाही, काकूंकडे बघितलं नाही, मला माहीत नव्हतं असंही म्हणाले नाहीत. नुसते त्या खोक्याशेजारी खाली बसले.

मला राग आला. चांगलाच आला, खोटं कशाला बोलू? "काका, हे आता परत होणार नाही," मी म्हटलं. "कुणीतरी रंगवेलही, पण माझ्या हाताने नाही होणार." आणि खोकं तिथेच सोडून उतरले. घरी आईने विचारलं, आणलंस का? मी म्हटलं, खराब झालं. ती म्हणाली, जाऊ दे, खेळणीच ती. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. आई घाबरून शेजारणीला हाक मारायला निघाली होती.

पुढे निनादने जे सांगितलं त्यावर माझा आधी विश्वास बसला नाही. काकांनी माझे पुतळे एकेक करून स्पंजपासून सोडवले आणि सोसायटीच्या गच्चीवर सावलीत मांडले. खाली जुनी साडी, वर मच्छरदाणी. कुरडया घालाव्यात तसे. वारा लागून वाफ उडाली की प्लॅस्टिक पुन्हा कडक होतं, हे त्यांनी निनादकडून तीन-तीनदा विचारून घेतलं होतं. दुपारी काका पहारा करायचे, संध्याकाळी काकू. एक कावळा एका सरदाराला घेऊन उडाला, त्याच्यामागे काकू समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन आल्या. सरदार मिळाला. कावळ्यालाही तो आवडला नसावा.

दिवाळीनंतर काका आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आले होते. आईने चहा केला, तो त्यांनी निवू दिला. मग पिशवीतून बर्फाचा ट्रे काढला. "मॅडम, सबंध किती वाचले ते विचारू नका. चेहरे गेले. पण हात बरेच वाचलेत. पाय आहेत, ढाली आहेत. जुने धातूचे होते त्यांचा फक्त रंग गेला." एकेका खणात माझ्या सैन्याचे तुकडे ठेवले होते, रंग खरवडून, धुऊन, स्वच्छ करून.

"मी काय करू यांचं?" मी म्हटलं.

"रंगवून द्या."

मी माझा हात पुढे धरला. तो थरथरत होता तो त्यांना दिसू दिला. काकांनी बघितलं आणि पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. खुरप्याची लाकडी मूठ होती, नामपूरच्या शेतातली, वापरून गुळगुळीत झालेली. पातं काढून त्या जागी एक खिळा ठोकला होता आणि खिळ्याच्या टोकाला एक ढाल चिकटवली होती. "ही डाव्या हातात धरा. मूठ जाड आहे, हलणार नाही. उजवं मनगट टेबलावर टेकवा, टेकवूनच ठेवा. आणि मॅडम, हे मी तुमच्या हातासाठी नाही म्हणत. माझ्या स्टोअरमध्ये रंगवलेली ढाल एक पण शिल्लक नाही. मला माल लागतो." हे सरळसरळ खोटं होतं. रंगवलेल्या ढालींचा अख्खा ट्रे मी स्वतः त्यांच्याकडे पाहिला होता. ते जाताना आईला म्हणाले, "सुट्या भागावर चुकलं तर काही बिघडत नाही, बाई. खरवडायचं आणि परत करायचं. पुतळ्यावर चुकलं की तो जन्मभर आपल्याकडे बघत बसतो."

ती पहिली ढाल मी रागारागानेच रंगवली. लाल रंग कडेच्या बाहेर गेला, सोनेरी रेघ आगगाडीच्या रुळांसारखी दोन झाली. काका रविवारी आले, भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली. "रीवर्क," म्हणाले आणि ढाल परत माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या रविवारी पुन्हा रीवर्क. पुढच्याही. खोटं कौतुक त्यांना येतच नव्हतं. फिजिओथेरपीच्या बाई रबरी चेंडू दाबायला लावून "व्हेरी गुड" म्हणायच्या, तेव्हा मला त्या चेंडूचा आणि बाईंचा दोघांचा राग यायचा. काकांच्या रीवर्कचा राग यायचा नाही. त्यात एवढंच असायचं की पुढच्या रविवारी ते परत येणार आहेत आणि ते काम होऊ शकतं असं त्यांनी धरून ठेवलंय. माझा राग नेमका कधी ओसरला ते मला सांगता येणार नाही. एका रविवारी त्यांना यायला उशीर झाला आणि मी खिडकीत जाऊन उभी राहिले, तोपर्यंत तो ओसरलेला होता.

थंडी सरता सरता त्यांनी एक ढाल भिंगाखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि चिंधीत गुंडाळून खिशात टाकली. "म्हणजे?" मी विचारलं. "स्टॉकला घेतली," ते म्हणाले. बी. एड.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे वाटले नव्हते. त्या दिवशी मी आईला शिरा करायला लावला. काकांनी दोनदा मागून घेतला.

ढालींवरून आम्ही हातांवर आलो, हातांवरून बोटांवर, बोटांवरून पट्ट्यांच्या बकलांवर. वर्ष गेलं, दुसरं लागलं. काकांनी एकच काम मला कधी दिलं नाही, ते म्हणजे मुंडकं. मीही मागितलं नाही. खसखशीचे ठिपके दोघांच्याही मनात होते, पण त्याबद्दल आम्ही बोलायचो नाही. मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफी झाली, डॉक्टरांनी जिने बंद केले. ते तिसऱ्या मजल्यावरचे, सोसायटीला लिफ्ट नाही. काकू म्हणाल्या, गावाला चला, तिथे घर जमिनीवर आहे. निघायच्या आधी काकांनी सगळे डबे हॉलमधल्या कपाटात हलवले आणि किल्ली निनादच्या हातात दिली. निनादला दर रविवारी आंघोळ करून डबे उघडायची शपथ घ्यावी लागली. तो ती पाळतो. आंघोळीचं मी सांगू शकत नाही.

काका गेल्यावर मी स्वतःच एक मुंडकं घेतलं. खुरप्याच्या मुठीवर चढवलं, मनगट टेकवलं, श्वास धरला आणि ठिपका दिला. तो कपाळावर गेला. खरवडला. परत दिला. माझं मीच रीवर्क म्हणत होते. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण मार्चच्या परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावर एका सकाळी ते मुंडकं माझ्याकडे बघायला लागलं. माझा तोल गेला आणि रंगाची बाटली सांडली. आईला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा बघतोय की!" खेळणीच ती, असं ती त्यानंतर कधी म्हणाली नाही.

मग मी एक सबंध पुतळा केला. धड एकाचं, पाय दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचा. सगळे भाग त्या ट्रंकेतून वाचलेले. हातात तलवार दिली नाही, नुसता उघडा तळवा ठेवला. म्हातारा, पिकल्या मिशीचा, अंगात चौकटीचा सदरा. त्याला चौकटी काढताना मनगटाने मला पुष्कळ शिव्या दिल्या. तो घेऊन मी नामपूरला गेले. काका घरासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. समोरून कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे चालले होते. मला बघून उठायला लागले, तर काकू आतून ओरडल्या, "बसा ना, त्या काय परक्या शेत का?" मी परकी नाही, हे ऐकून काका बसले.

मी पुतळा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी भिंग मागवलं. आधी पाय बघितले, मग हात. आपण स्वतः खरवडलेला भाग त्यांना ओळखू आला असणार, कारण तिथे ते जरा थांबले. मग भिंग वर गेलं आणि चेहऱ्यावर आलं. ट्रॅक्टर जाऊन दुसरा आला तरी ते बघत होते.

"डोळे काढले," मी म्हटलं. मला राहवेना.

"दिसतंय," ते म्हणाले. "हा कुणाचा?"

"तुमचा."

"माझा? मी कुठं खेळतो?"

"तुमच्यासाठी केलाय, काका. हात चालतोय माझा. तुमच्यामुळे चालतोय."

हे मी इतक्या वर्षांत त्यांना कधी म्हटलं नव्हतं, आणि तिथे म्हटलं हे फार बरं केलं. त्याच वर्षी पौषात काका गेले. त्या दिवशी ओट्यावर माझं ऐकून काकांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. पुतळा तळहातावर तसाच. "माझ्याकडं सबंध असं कधी काही आलंच नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुटलं की यायचं. नीट झालं की जायचं."

इतक्यात काकू आतून एक डबी घेऊन आल्या. आत कापूस घातलेली, बरोबर मापाची. इतक्या वर्षांची सवय, त्यांना सांगावं लागलं नव्हतं. काकांनी डबीकडे बघितलं आणि हाताने बाजूला सारली. पुतळा त्यांनी ओट्याच्या कठड्यावर उभा केला, स्वतःकडे तोंड करून, भर उन्हात.

"काका, उन्हाने रंग उडेल," मी म्हटलं.

"उडू द्या," काका म्हणाले. "तुम्ही परत रंगवाल."

काकू डबी घेऊन आत गेल्या.